भिंतीकडे तोंड करून

गिऱ्हाइकानं पासवर्ड टाकायला बोटं उचलली, की धाकटी स्टुलावर अर्धी वळायची आणि भिंतीकडे तोंड करायची. "टाका, मी बघत नाहीये." दिवसातून दहा वेळा, कधी पंधरा वेळा. बटणांची टकटक थांबली, तरी दोन श्वास ती तशीच बसून राहायची. मग हळूच विचारायची, "झालं?" समोरचा हो म्हणाला, की मगच वळायची.

त्या भिंतीवर, बरोबर तिच्या नजरेच्या उंचीवर, रंगाचा पोपडा निघून एक डाग पडला होता. दुकान दोनदा रंगवून झालं, तरी तो डाग काही मागे हटला नाही. बावीस वर्षं धाकटी तो डाग बघत होती.

"त्या भिंतीशीच संसार थाट आता," ताई शिवणाच्या मशीनवरून मान न उचलता म्हणायची.

"थाटलाय की. बावीस वर्षांत एकदाही उलट बोललेली नाही."

दुकान म्हणजे एकच खोली. वडिलांच्या माघारी दोघी बहिणींनी ती वाटून घेतली होती, पण मध्ये भिंत नव्हती की पडदा नव्हता. फरशीवर ताईनं खडूनं ओढलेली एक रेष होती, तीही रोज पुसली जायची. रेषेच्या अलीकडे ताईचं मशीन, कात्र्या, कापडाचे तागे आणि कोपऱ्यात कपडे घालून बघायचा आडोसा. पलीकडे धाकटीचं टेबल. त्यावर पोट उघडून पडलेले कॉम्प्युटर, स्क्रूच्या डब्या, धूळ झाडायचा रंगाचा ब्रश. ताईचे दोरे उडून धाकटीच्या कॉम्प्युटरच्या पंख्यांत अडकायचे, धाकटीनं झाडलेली धूळ ताईच्या पांढऱ्या कापडावर बसायची, आणि मग दोघींची जुंपायची. ताईचा नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेला होता, धाकटीनं लग्न केलंच नव्हतं. तेव्हा भांडायला दोघींना एकमेकींशिवाय होतंच कोण?

धाकटीच्या गळ्यात चष्म्याची दोरी असायची. त्या दोरीला चष्म्याच्या जोडीनं एक पेनड्राइव्ह लटकायचा. ताई त्याला किल्ल्यांचा जुडगा म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. त्याच्यात धाकटीनं वर्षानुवर्षं जमवलेली छोटी छोटी सॉफ्टवेअर होती, जवळजवळ सगळी फुकट मिळालेली. एक डिस्कची नाडी बघायचं. ती अखेरचे श्वास घेत असेल, तर दुसरं तिच्यातलं सगळं घाईघाईनं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. एक व्हायरस झाडायचं. एक विसरलेला पासवर्ड बाजूला सारून आत घ्यायचं. एक पुसलेलं परत आणायचं, आणि एक, उलट, असं पुसायचं की पुन्हा कुणाच्या बापाला सापडू नये. बंद पडलेलं मशीनसुद्धा त्या पेनड्राइव्हवरून उठून बसायचं. मशीन उठलं, की धाकटी टेबलावर दोन बोटं वाजवायची. ती तिची टाळी.

पुसलेलं परत कसं येतं, हे ताईनं एकदा विचारलं होतं. धाकटीनं ताईचीच मापांची वही ओढून घेतली.

"हे पहिलं पान. इथे तू नावं लिहितेस, आणि पुढे कुणाचं माप कितव्या पानावर आहे ते. बरोबर?"

"बरोबर."

"हे पान फाडलं. मापं गेली?"

"हात लावून तर बघ! मापं कशी जातील? ती आत आहेत."

"आहेत. फक्त कुणाची ते कळणार नाही. माझं सॉफ्टवेअर आतली पानं काढून देतं. नावं नसतात, नुसते आकडे."

"मग कळायचं कसं कुठलं काय ते?"

"एकेक उघडून बघायचं."

"आणि तू बघत बसतेस?" ताईनं भुवया वर केल्या.

"मी कशाला? ज्याचं त्यानं बघायचं. मी पायरीवर उभी राहते."

आणि खरंच ती उभी राहायची. तिच्या खुर्चीत बसून गिऱ्हाईक आपल्या हरवलेल्या फाइली एकेक उघडून बघत असायचं, आणि धाकटी बाहेर दुकानाच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून. उन्हात, गारठ्यात. कधी तासभर. पुसलेलं परत आणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो लहान करून दाखवायची सोय असते. ती तिनं पहिल्याच दिवशी बंद करून टाकली होती. "लोक आपलं घर उघडं टाकून जातात माझ्याकडे," ती म्हणायची. "मी गळकं छप्पर बघायचं. गाद्या उचकायच्या नाहीत."

म्हणूनच बायका तिच्याकडे यायच्या. पलीकडच्या तीन गल्ल्या ओलांडून यायच्या. आणि बायकाच कशाला, निवृत्त पोस्टमास्तर आपल्याला झालेल्या आजाराबद्दल घरात कुणाला न कळता वाचता यावं म्हणून तिच्याकडे आले होते. तिनं त्यांना खासगी खिडकी उघडायला शिकवली. त्यांच्या तोंडून ती गल्लीभर झाली, आणि लोक तिला धाकटीची खिडकी म्हणू लागले. "पाटीवर लिहिल्यासारखं आहे," धाकटी सांगायची. "खिडकी मिटली, की पाटी पुसली. काय बघितलं, काय शोधलं, तुमच्या घरातल्या कुणाला कळणार नाही. मागे काही राहत नाही."

मागे काही राहत नाही. हे वाक्य ती इतक्यांदा बोलली होती, की ते बोलताना तिला विचार करावा लागत नव्हता. तिथेच घात झाला.

दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर एक घर होतं: सासू, मुलगा आणि सून. मुलगा औषध कंपनीत फिरतीवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. सून तिशीची, शिकलेली, कमी बोलणारी. ताई तिला सूनबाई म्हणायची, मग धाकटीही म्हणायला लागली. सूनबाई एकदा लॅपटॉपचं अडकणारं बटण दाखवायला आली. बटण नीट झालं, तरी उठेना.

"मावशी, आपण काय बघितलं ते दुसऱ्या कुणाला कळू नये, असं काही करता येतं का?"

धाकटीनं का ते विचारलं नाही. असल्या गोष्टी ती कधीच विचारायची नाही. तिनं तिला खिडकी उघडून दाखवली, मिटून दाखवली, नवा मेल काढायला लावला. पासवर्ड टाकताना भिंतीकडे वळली.

"मिटली की संपलं?" सूनबाईनं विचारलं.

"संपलं. मागे काही राहत नाही."

दोन महिन्यांनी सूनबाईला मेलवर एक पत्र आलं. ते तिनं नीट वाचता यावं म्हणून मशीनमध्ये उतरवून घेतलं, वाचलं, खिडकी मिटली. पाटी पुसली गेली, पण पाटीवरून कागदावर उतरवलेलं कसं पुसलं जाईल? उतरवलेली फाइल मशीनमध्येच राहते. ही गोष्ट धाकटीच्या धंद्यातल्या माणसांना इतकी माहीत असते, की ती कुणाला सांगायला हवी हेच त्यांच्या लक्षात येत नाही. नवरा फिरतीवरून दोन दिवस लवकर आला, कसलीशी पावती शोधायला लॅपटॉप उघडला, आणि पत्र समोर.

यातलं काहीच खाली माहीत नव्हतं. एवढंच दिसलं, की आठ दिवस सूनबाई जिन्यावरून उतरली नाही. अस्तर लावायला टाकलेलं तिचं जाकीट ताईच्या खुंटीवर लटकत होतं. सासू भाजी घेऊन जाताना ताईनं विचारलं, तर म्हणाली, "तिला बरं नाही." आणि चालू लागली.

नवव्या दिवशी नवरा आला. बगलेत लॅपटॉप. ताईकडे न बघता खडूची रेष ओलांडून थेट धाकटीच्या टेबलाशी.

"यातलं पुसलेलं सगळं काढून हवंय."

"काय झालं होतं?"

"मीच फॉरमॅट मारला. डोकं फिरलं होतं माझं. आता वाटतं, आधी बघायला हवं होतं आणखी काय काय लपवलंय ते." त्यानं मशीन टेबलावर आपटलंच म्हणायचं. "पत्र सापडलं मला. नोकरीचं! कुठल्या तरी कॉलेजच्या लायब्ररीत, राहायची खोलीसुद्धा देतायत. मला न विचारता, न सांगता! एक तारखेला पत्र घेऊन हजर व्हा म्हणे. होतेय हजर. फोन माझ्याकडे, मेलचा पासवर्ड तिच्याकडून वदवून मी बदललाय. बघू बरं कशी जाते."

धाकटीचा हात गळ्यातल्या दोरीवर गेला. ताईला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती. ती मान एकदम ताठ झाली.

"मशीन ठेवून जा," धाकटी म्हणाली. "वेळ लागेल. महिनाअखेरीला या."

तो गेल्याबरोबर ताई उसळली. "घेतलंसच कशाला? हाकलून द्यायचं होतं मेल्याला! त्याला तिचं सगळं काढून देणार तू?"

"त्याला काही देणार नाही."

"मग?"

"मी नाही घेतलं, तर तो कोपऱ्यावर जाईल." कोपऱ्यावर दुसरं दुकान होतं, नवं, काचेचं. "आणि ताई, ते पत्र माझ्यामुळे सापडलंय त्याला. मी तिला सांगितलं होतं, मागे काही राहत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं काम सुरू केलं. पेनड्राइव्ह लावला, डिस्कची नक्कल उतरवली, आणि त्या नकलेवर पुसलेलं शोधणारं सॉफ्टवेअर सोडलं. फॉरमॅटनं पहिलं पान फाडलं होतं. चार हजारांवर फाइली परत आल्या, एकीलाही नाव नाही. फोटो, गाणी सगळं वगळून नुसते लिहिलेले कागद बाजूला काढले, तरी दोनशे अकरा उरले. त्यातला एक कागद हवा होता, आणि तो एक तारखेच्या आत हवा होता. तो हाती नसला तर दुसऱ्या गावातल्या त्या खोलीचं दार सूनबाईला कुणी उघडणार नव्हतं. ज्याचं त्यानं बघायचं, हा धाकटीचा नियम. पण जिचं होतं ती वर सासूच्या पहाऱ्यात.

ताई काजं करत होती. तिनं मान उचलली तेव्हा धाकटी स्टुलावर अर्धी वळलेली होती, भिंतीकडे तोंड करून. समोर गिऱ्हाईक नव्हतं. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. मग वळली, चष्मा लावला, आणि पहिली फाइल उघडली.

तासाभरानं प्रिंटरची घरघर ऐकू आली. "मिळालं," धाकटी म्हणाली. टेबलावर दोन बोटं मात्र वाजवली नाहीत. कागद ताईच्या हातात दिला आणि पुन्हा टेबलाशी जाऊन बसली. ताईला वाटलं, आवराआवर करत असेल. पण आवरल्याचे आवाज येईनात. उन्हं कलली, रस्त्यावरून शाळा सुटलेली पोरं गेली, तरी धाकटी स्क्रीनसमोरून हलली नाही. एकदा ताईनं चहाला हाक मारली, तर नुसता हात हलवला. उठली, ती थेट बाहेर जाऊन पायरीवर उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून. आत खुर्चीत कुणी नव्हतं.

पत्राची सोय ताईनं केली. चार घड्या घालून ते सूनबाईच्या जाकिटाच्या डाव्या अंगाला अस्तरात टाचलं, आणि सासूला निरोप धाडला, की खांदा नीट बसतो का ते अंगावर घालून बघितल्याशिवाय जाकीट देता येणार नाही, पुढे माझ्या नावानं बोंब नको. सासूला बहुतेक शेजारपाजाऱ्यांना दाखवायचंही होतं, की आमची सून ठीक आहे. ती सूनबाईला घेऊन आली आणि दुकानाच्या दारातच खुर्ची टाकून बसली. आडोशामागे ताईनं जाकीट घालून दिलं आणि डाव्या बाजूला तळहात दाबला.

"इथं जरा जाड लागेल हं सूनबाई. घरी गेल्यावर उसवून बघ."

सूनबाईनं हात तिथे नेला. कागद कुरकुरला. तिनं ताईकडे पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाली, "खांदा बरोबर बसलाय."

एकोणतीस तारखेला, सकाळी अकराच्या सुमाराला, सूनबाई खाली आली. अंगात तेच जाकीट, हातात कापडी पिशवी. सासू दवाखान्यात गेलेली, नवरा फिरतीवर. बसला अवकाश होता, असं तीच म्हणाली. ताईचा जीव सुपाएवढा झाला. हातातलं काम टाकून ती पुढे झाली, पण सूनबाई रेष ओलांडून धाकटीपाशी गेली होती.

"मावशी, मशीन तर सगळं पुसलं होतं ना? मग हे सापडलं कसं?"

तिला बरं वाटावं म्हणून ताईच मध्ये बोलली, "अगं, ते यंत्रच काढून देतं सगळं."

"नाही," धाकटी म्हणाली. "नावं गेली होती. उघडून बघावं लागलं."

"किती?"

"सगळ्या."

सूनबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "सगळ्या उघडल्यावर शेवटी पत्र मिळालं?"

इथे धाकटीला नुसती मान हलवता आली असती. ताई आजही म्हणते, मान हलवायला काय जात होतं?

"नाही. त्रेसष्टाव्या फाइलीत मिळालं."

"मग पुढच्या?"

"वाचल्या."

रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. सूनबाईनं जाकिटाची बटणं लावायला घेतली. खालून वर, एकेक, ताईनं शिवलेली.

"ह्यांनी एकच वाचली होती, मावशी," ती म्हणाली.

आणि गेली. येते म्हणाली नाही, मागे वळून बघितलं नाही. बस तिला मिळाली असणार, कारण त्यानंतर ती गल्लीत कधी दिसली नाही. पत्र नाही, फोन नाही.

त्या दुपारी धाकटीनं लॅपटॉपची डिस्क आणि तिची नक्कल, दोन्हीवर पुसायचं सॉफ्टवेअर चालवलं. तीन वेळा. नवरा महिनाअखेरीला उगवला, तो घरचा प्रकार कळून, तापूनच.

"काढलं का?"

"रिकामं आहे," धाकटीनं मशीन पुढे सरकवलं. "आता यातून कुणालाच काही मिळणार नाही."

"आता म्हणजे? म्हणजे होतं!" तो सगळं आयुष्य लोकांना औषधं खपवण्यात घालवलेला माणूस, शब्द पकडण्यात पटाईत. "पत्र तूच दिलंस तिला! माझ्या घरचं सगळं वाचलंस तू!" एवढं बोलून तो पायरीवर गेला आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "ही बाई लोकांच्या मशिनी उघडून वाचते! तुमच्यापण वाचल्या असतील!"

माणसं जमायला कितीसा वेळ लागतो? औषधाच्या दुकानातली बाई आली, शिकवणी घेणारे सर आले, पोस्टमास्तर काठी टेकत आले. सगळी धाकटीच्या खुर्चीत बसून गेलेली. सगळ्यांना ती पायरीवर उभी राहिलेली माहीत. ताईला धीर आला. यांच्यातला एक जण जरी म्हणाला, की ही बाई तसली नाही, तरी पुरे होतं.

कुणी म्हणालं नाही. प्रत्येक जण आपण काय काय दिलं होतं ते आठवत असावा.

अखेर पोस्टमास्तर बोलले. मायेनंच बोलले. "पोरी, तो संतापाच्या भरात बोलतोय. तू नाही म्हण, विषय मिटला. तू काही कुणाचं वाचत नाहीस ना?"

धाकटीनं चष्मा काढला, गळ्यात सोडला.

"एकदा वाचलंय," ती म्हणाली.

पोस्टमास्तरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग एकेक करून सगळे पांगले.

ताई त्या दिवशी जी बोलली, ती आयुष्यात बोलली नसेल. "हरिश्चंद्राची अवलाद लागून गेलीस की नाही! एक 'नाही' तोंडातून निघालं असतं तर जीभ झडली असती तुझी? कुणाचं बघितलंस तू बावीस वर्षांत? कुणाचं?"

"तिचं."

"ते तिच्याच भल्यासाठी!"

"त्रेसष्टपर्यंत," धाकटी म्हणाली.

आठवडा गेला नाही तोच लोक आपापली मशिनं परत न्यायला आले. दुरुस्त झालेली, न झालेली, स्क्रू पिशवीत घालून. "घाई नाही हो, पण घरी लागतंय," एवढंच म्हणायचे. जायचे कोपऱ्यावरच्या काचेच्या दुकानात. तो दुकानदार गिऱ्हाइकांचे फोटो बघतो, मित्रांना दाखवून हसतो, हे गल्लीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. पण तो कधी तसं म्हणाला नव्हता.

मग धाकटीचं स्टूल रेषेच्या अलीकडे आलं. ताई तिला बटणं लावायला द्यायची, काजं करायला द्यायची. दोरा ओवायला तिला कुणाच्या मदतीची गरज नव्हती, स्क्रू उचलणारी बोटं ती. पण बोलणं आटलं. खडूची रेष ताईनं ओढायची सोडून दिली.

एकदाच, एका सकाळी, बटण लावता लावता धाकटी आपणहून बोलली.

"चौसष्टाव्या फाइलीत मी होते."

"काय?"

"तिनं लिहिलं होतं. रोज काही ना काही लिहायची ती, स्वतःपुरतं. पत्र मिळालं होतं, मी बंदच करणार होते. तेवढ्यात पुढची उघडली गेली आणि पहिल्याच ओळीत 'खालच्या दुकानातल्या मावशी' असं दिसलं." तिनं दोरा दातानं तोडला. "'आज कुणीतरी माझ्याकडे पाहिलं नाही. खालच्या दुकानातल्या मावशी भिंतीकडे तोंड करून बसल्या. किती बरं वाटलं.' एवढंच."

ताईच्या हातातलं कापड तसंच राहिलं.

"माझ्याबद्दल कुणी काही लिहिलंय, असं कधी झालं नव्हतं, ताई. म्हटलं, आणखी कुठे असेल."

"मग? होतं?"

"नाही. बाकी सगळं तिचं होतं. मी वाचायला नको होतं असलं." तिनं पुढचं बटण उचललं. "जिनं बघितलं नाही म्हणून तिला बरं वाटलं, तिनंच सगळं बघितलं."

दोन वर्षं अशी गेली. मग धाकटीच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिनं अंगावर काढलं, आणि तपासलं तोवर उशीर झाला होता. इस्पितळात अकरा दिवस. भिंतीलगतची खाट मिळाली. भेटायला पोस्टमास्तर तेवढे आले, पाच मिनिटं बसले. निघताना दारापाशी ताईला हळूच म्हणाले, "तो तिच्या गळ्यातला पेनड्राइव्ह... त्यात आमचं कुणाचं काही राहिलं नसेल ना?"

ताईनं तो पेनड्राइव्ह नंतर एका मुलीकडून उघडून बघितला. आत सॉफ्टवेअर होती. दुसरं काहीच नव्हतं.

ताईचा फोन उघडायचा आकडा एक-दोन-तीन-चार. तो टाकताना मोठ्यानं म्हणायची तिची सवय, आणि त्यावरून धाकटी वर्षानुवर्षं तिला चिडवायची, की तुझा आकडा गल्लीतल्या कुत्र्यालाही पाठ झालाय. अकराव्या दिवशी दुपारी नर्सनं फोनवर आलेला रिपोर्ट दाखवायला सांगितला. ताईनं पिशवीतून फोन काढला. आकडा दोनदा चुकला. या वेळी तिनं तो मोठ्यानं म्हटलाही नाही.

धाकटीनं डोळे उघडले. हाताला सलाइन होतं, मान वळवायलाही तिला कष्ट पडत होते. तरी तिनं ती वळवली, पुरती, भिंतीकडे. संध्याकाळी तिची शुद्ध गेली आणि पुन्हा आली नाही. त्यामुळे तिचं शेवटचं बोलणं म्हणून ताईकडे उरलं ते एवढंच.

"टाक तू. मी बघत नाहीये."